बिनतारी संभाषणाची शिस्त

बिनतारी यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येते. त्यातही खरखरीत ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही इंग्रजी अक्षरे सारखीच ऐकू येतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सिग्नल तुकड्या टेलिफोनवर ‘ए’ला ‘ॲक’, ‘एम’ला ‘एमा’ आणि ‘पी’ला ‘पिप’ म्हणत. त्यामुळे सकाळची वेळ ‘ॲक एमा’ आणि दुपारनंतरची ‘पिप एमा’ झाली.

मोर्समधली ‘एसओएस’ ही हाक तोंडी देताना ‘एस’ नीट कळेना. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी ‘मेडे’ सुचवले. पॅरिसकडे जाणारी वाहतूक मोठी असल्याने फ्रेंच कानालाही कळेल अशी हाक हवी होती. 1923 मध्ये ती वापरात आली आणि 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेने तिला जागतिक मान्यता दिली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराची ‘एबल, बेकर’ वर्णमाला आली. तीत ‘आर’साठी ‘रॉजर’ होते आणि तारायंत्रात ‘आर’ म्हणजे ‘संदेश मिळाला’. पुढे ‘आर’चा ‘रोमिओ’ झाला, तरी ‘रॉजर’ टिकला. चित्रपटांत तो होकारासाठी सर्रास वापरतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘ऐकले’ एवढाच. सांगितलेले करणार असल्यास ‘विल्को’ म्हणायचे.

मॉन्ट्रियलचे भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल विने यांच्या साहाय्याने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1951 मध्ये नवी वर्णमाला लागू केली. ‘कोका’, ‘मेट्रो’, ‘नेक्टार’, ‘युनियन’, ‘एक्स्ट्रा’ हे शब्द वापरात टिकले नाहीत. 1 मार्च 1956 पासून त्यांच्या जागी ‘चार्ली’, ‘माइक’, ‘नोव्हेंबर’, ‘युनिफॉर्म’, ‘एक्स-रे’ आले. फ्रेंच वाचक शेवटचा ‘टी’ गिळतील म्हणून ‘ज्युलिएट’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘टी’ ठेवले. ‘फाइव्ह’शी गल्लत नको म्हणून ‘नाइन’चा ‘नाइनर’ झाला.

अक्षरांचा प्रश्न सुटला. वाक्यांचा मात्र राहिला, आणि तो अधिक घातक ठरला. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएमच्या विमानाने परवानगीवाचून उड्डाणासाठी धाव घेतली. त्याच्या वैमानिकाने दिलेला ‘आम्ही आता टेक-ऑफला’ हा संदेश टॉवरला ‘उड्डाणास सज्ज’ असा वाटला. टॉवर ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभराने ‘थांबा’. त्याच वेळी ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे पॅन ॲमचे विमान सांगत होते. दोन्ही प्रक्षेपणे एकमेकांवर आदळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी उमटली. टकरीत 583 माणसे मेली. पुढे ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना वा मागे घेताना, आणि त्या सूचना परत म्हणून दाखवताना, एवढ्यापुरता राखला गेला. इतर वेळी ‘डिपार्चर’.

12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 जण दगावले. कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांखाली उतरले होते आणि त्याच्या चालकदलाचे तोकडे इंग्रजी चौकशीत पुढे आले. 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वैमानिक आणि त्यांचे नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी सक्तीची केली. तिची मुदत मार्च 2008 होती. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही ही अट लागू आहे.