उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज आपल्या कानी पडतो तो निवडणुकीच्या दिवसांत, नाही तर परीक्षेच्या. आपल्या पणजोबांच्या पिढीस त्याचा आणखी एक अर्थ ठाऊक होता. एखाद्या कचेरीत पगाराची अपेक्षा न धरता बसावे, जुन्या कारकुनांच्या हाताखाली नकला कराव्यात, हिशेब ताडून पाहावेत, आणि एखादी जागा रिकामी झाली म्हणजे ती आपणांस मिळेल ह्या आशेवर दिवस काढावेत, ह्यास ‘उमेदवारी करणे’ म्हणत. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. आशा धरून बसलेला तो उमेदवार. हल्ली महाविद्यालयांतून ‘इंटर्नशिप’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे आणि ही काही नवी विलायती वस्तू आहे, असा तरुणांचा समज दिसतो. इंग्रजी अमदानीतील आपल्या मामलेदार कचेऱ्यांना ही वस्तू पुरती परिचित होती, आणि तिची मुळे शोधू गेल्यास ती पेशवाईच्या दफ्तरापर्यंत जातात.

ह्या जुन्या शब्दाची आठवण करून देणारे स्थळ म्हणजे दिल्लीतील करोल बाग. करोल बाग आणि त्यास लागून असलेले जुने राजेंद्रनगर ह्या भागात आज देशभरातून आलेले पदवीधर तरुण-तरुणी संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत राहतात. त्यांत महाराष्ट्रातील मुलामुलींची संख्या लहान नाही. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या महाराष्ट्र शासनाच्या संस्थांनी विद्यावेतन देऊन दिल्लीस पाठविलेली मुलेही त्यांत असतात. भिंतीएवढ्या रुंद खोलीत दोघांनी राहायचे, महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या अभ्यासिकेतील एका खुर्चीवर दिवसाचे दहा-बारा तास काढायचे, डबा लावायचा आणि घरी फोनवर ‘सारे ठीक आहे’ म्हणून सांगायचे, असा त्यांचा क्रम असतो. हे सारे उमेदवारच. जुना उमेदवार आणि हा उमेदवार ह्यांच्यामध्ये दोन शतकांचा इतिहास पसरलेला आहे. त्या इतिहासात आपण काय मिळविले आणि काय गमाविले, हे पाहण्याचा हा यत्न आहे.

पेशवाईत कारकुनी शिकविणारी शाळा नव्हती. दफ्तर हीच शाळा होती. मोडी अक्षर वळविणे, पत्रांचे मायने पाठ करणे, रोजकीर्द आणि ताळेबंद लिहिणे हे सारे मुलगा वडिलांच्या, मामाच्या किंवा ओळखीच्या फडणीसाच्या शेजारी बसून शिके. दिल्लीचा आणि मराठी लेखणीचा संबंधही ह्याच काळातला. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील पुरुष अठराव्या शतकात बादशाही दरबारी वावरले. पुढे महादजी शिंद्यांच्या काळी, १७८४ नंतर, दिल्लीचा कारभारच मराठ्यांच्या हाती आला, तो १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईपर्यंत टिकला. सरदार आणि वकील जेथे गेले तेथे कारकुनही गेले, आणि परमुलखात राहून त्यांनी राजकारणाची भाषा कामातूनच आत्मसात केली.

ह्या पद्धतीचा गुण उघड आहे. जागा मिळो वा न मिळो, हाताला कसब लाभत असे. तिचा दोषही तितकाच उघड आहे. दफ्तरात बसावयास मिळे ते कोणाचा तरी पुतण्या किंवा भाचा असलेल्यास. ज्याच्या जातीत लेखणी नव्हती आणि ज्याच्या घराची दरबारी ओळख नव्हती, त्याने आशा धरावी असे दारच तेथे नव्हते. इंग्रजी अमदानीतही आरंभी ह्याहून वेगळे नव्हते. कंपनीच्या मुलकी नोकरीत शिरणारा तरुण लंडनच्या एखाद्या डायरेक्टराच्या शिफारशीने निवडला जाई आणि १८०६ पासून हेलिबरीच्या कॉलेजात शिकून हिंदुस्थानात येई. मामा-भाच्यांचा व्यवहार पुण्याप्रमाणेच लंडनलाही चालत होता.

१८५३ च्या सनदी कायद्याने हा शिफारशीचा हक्क संपविला आणि १८५५ साली लंडनला खुली स्पर्धापरीक्षा झाली. परीक्षा खुली, पण दार सहा हजार मैलांवर. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली ह्या परीक्षेत यशस्वी होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. १८६९ साली चार हिंदी तरुण एकाच वेळी उत्तीर्ण झाले. त्यांपैकी श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मुंबई इलाख्यातील होते. परंतु निकालानंतर ठाकूर आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी ह्या दोघांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून काढली गेली. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष धरण्याची रीत. ‘सोळावे लागले’ म्हणजे सोळा पूर्ण झाले असे कोणी समजत नाही. साहेबाच्या कागदांत मात्र सोळा म्हणजे सोळा. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले आणि अखेर दोघांची नावे पुन्हा यादीत आली. बोलण्याच्या एका साध्या रीतीपायी दोन तरुणांचे आयुष्य पणास लागले होते, ही गोष्ट आजच्या उमेदवारानेही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण एका कागदावर सारे आयुष्य तोलण्याची सवय तेव्हापासून आपल्या पाठीस लागली आहे.

पुढे १८७८ साली वयाची कमाल मर्यादा एकोणीस वर्षांवर आणण्यात आली, तेव्हा हिंदी मुलांस ही परीक्षा जवळजवळ अशक्यच झाली. परीक्षा इंग्लंडात व हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी, असा ठराव १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने संमत केला. दादाभाई नौरोजी तेव्हा त्या सभेत होते. तो ठराव कागदावरच राहिला. १९१८ साली महाडजवळील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख ह्या परीक्षेत पहिले आले, तेव्हाही त्यासाठी त्यांस विलायतेसच जावे लागले होते. हिंदुस्थानच्या भूमीवर ही परीक्षा प्रथम झाली ती १९२२ साली, अलाहाबादेस. १९२६ च्या ऑक्टोबरात लोकसेवा आयोग स्थापन झाला आणि पुढे ही परीक्षा दिल्लीस होऊ लागली. लंडनचे दार दिल्लीस येण्यास सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

दिल्ली तोवर राजधानी झाली होती. १२ डिसेंबर १९११ रोजीच्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली. नवी दिल्ली बांधण्यासाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशा जुन्या वस्त्या उठविण्यात आल्या, आणि तेथील विस्थापितांस १९२० च्या दशकात करोल बागेत वसविण्यात आले. हकीम अजमल खान ह्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले, तेही ह्याच भागात. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे दुकाने थाटली आणि पाहता पाहता ही पेठ दिल्लीतील मोठ्या बाजारपेठांत गणली जाऊ लागली. सचिवालयात चाकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांनीही पहाडगंजप्रमाणे येथे बिऱ्हाडे केली. उठविलेल्या खेडुतांची, देशोधडीस लागलेल्या निर्वासितांची आणि परगावच्या नोकरदारांची ही वस्ती. नव्याने आयुष्य मांडू पाहणाऱ्यास तिने नेहमी जागा दिली, आणि त्या जागेचे भाडेही घेतले.

स्वातंत्र्याने परीक्षेचे दार खरोखरीच रुंद केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये सरदार पटेलांनी नव्या प्रशासकीय सेवेच्या पहिल्या तुकडीपुढे भाषण केले. १९५० साली संघ लोकसेवा आयोगास राज्यघटनेचे अधिष्ठान मिळाले. राखीव जागांमुळे ज्यांच्या पूर्वजांस दफ्तराची पायरीही चढता आली नव्हती त्यांची मुले जिल्हाधिकारी झाली. १९५१ साली सेवेत आलेल्या अ‍ॅना राजम ह्यांच्यापासून स्त्रियांसही वाट मोकळी झाली. डॉ. दौलतसिंह कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीसह घटनेने मान्य केलेल्या भाषांतून लिहिता येऊ लागली, आणि १९९० च्या तुकडीचे भूषण गगराणी ह्यांच्यासारख्यांनी मराठी माध्यमातून यश मिळवून दाखविले. खेड्यातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलास ‘हे आपल्यासाठीही आहे’ असे वाटू लागले, हा लाभ लहान नव्हे.

परंतु दार रुंद झाले तरी आतील खोली तेवढीच राहिली. २०२३ च्या परीक्षेस १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेपर्यंत पोचले १४,६२४. मुलाखतीस गेले २,८५५ आणि अखेर शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे अर्ज करणाऱ्या हजारांत एक. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास बत्तीस वर्षांच्या वयापर्यंत सहा वेळा बसता येते. इतर प्रवर्गांस सवलत अधिक आहे. एकविसाव्या वर्षी आलेला तरुण तिशी ओलांडून परत जाऊ शकतो. त्याने इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र वाचलेले असते. पुष्कळांपेक्षा अधिक वाचलेले असते. तथापि एकही दिवस त्याने कोणत्या कचेरीत बसून अर्ज निकालात काढलेला नसतो, हिशेब तपासलेला नसतो, की तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी बोललेला नसतो. जुन्या उमेदवारास पगार नव्हता पण काम होते. नव्यास पगारही नाही आणि कामही नाही. परीक्षेने वशिला हटविला, हे योग्यच झाले. त्याबरोबर हाताखाली बसून शिकणेही गेले, आणि त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

ह्याच करोल बागेत उमेदवारीची दुसरी एक तऱ्हा अजून जिवंत आहे. येथील सराफी पेठेत सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी ह्या दुष्काळी तालुक्यांतून आलेले मराठी गलाईवाले आहेत. जुने सोने मुशीत वितळवायचे, तेजाबात त्यातील हीण वेगळे करायचे आणि शुद्ध सोने लगडीत उतरवायचे, हा त्यांचा धंदा. पाऊस नसलेल्या विट्याच्या परिसरातून निघालेली ही माणसे भारतभर पसरली आहेत. गावाकडचा मुलगा काका-मामाच्या भट्टीवर येतो. आधी झाडू मारतो, मग कोळसा आणि भाता, मग तराजू, आणि शेवटी सोन्यास हात लावतो. काही वर्षांनी तो स्वतःची भट्टी घालू शकतो. ह्या शिक्षणाचे गोडवे गावेत असे मी म्हणत नाही. तेजाबाचा धूर छातीत जातो, कामाच्या तासांस सुमार नसतो, आणि भट्टी मिळते ती पुन्हा नात्यातल्यासच. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. त्याची उमेद फसली तरी त्याचे हात रिकामे राहत नाहीत. हाकेच्या अंतरावर, अभ्यासिकेतील खुर्चीवर बसलेला त्याच्याच तालुक्यातील पदवीधर मात्र निकालाच्या दिवशी एक तर सर्व काही मिळवितो, नाही तर काहीच नाही.

ह्या आशेची किंमत किती होऊ शकते, हे २७ जुलै २०२४ च्या सायंकाळी दिसले. पावसाचे पाणी जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणी वर्गाच्या तळघरात शिरले आणि तेथील ग्रंथालयात असलेले तीन विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. त्यांत महाराष्ट्राचे कोणी नव्हते. पण त्या रात्री महाराष्ट्रातील किती घरांत फोन वाजले असतील, ह्याची कल्पना वाचक करू शकतील. त्यानंतर रस्त्यावर बसलेल्या मुलांनी जे मागितले ते साधेच होते: सुरक्षित जागा आणि परवडेल असे भाडे. एरवी ज्यांच्याविषयी ‘उद्याचे साहेब’ म्हणून बोलले जाते, ती आजची भाडेकरू मुले आहेत, हे राजधानीस त्या दिवसांत प्रथमच नीट दिसले.

मग करावे काय? परीक्षा मोडून पुन्हा दफ्तरी वशिल्याकडे जाणे कोणाही विचारी माणसास रुचणार नाही. परंतु परीक्षा आणि उमेदवारी ह्यांचा मेळ घालता येणार नाही असेही नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांतून हाताखाली शिकण्यास विद्यावेतन आणि मुदत ही दोन्ही दिली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने अभियंता पदवीधरांसही त्यात घेतले. त्या कायद्याच्या मराठी नावात ‘उमेदवार’ हा शब्द टिकला, हे मला अर्थपूर्ण वाटते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने युवा कार्यप्रशिक्षण योजना काढून पदवीधरांस मासिक १०,००० रुपये विद्यावेतनावर काम शिकण्याची सोय केली. केंद्रानेही त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांतून अशी योजना सुरू केली. मुलाखतीपर्यंत पोचूनही निवड न झालेल्यांची माहिती, त्यांच्या संमतीने, इतर मालकांस कळविण्याची प्रथा आयोगाने २०१८ पासून पाडली आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ते मुलाखतीस गेलेल्या दोन-तीन हजारांपुरते आहे. उरलेल्या लाखांचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे उत्तर काही अंशी आपल्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसांच्या, हाती आहे. परगावी आलेल्या मुलास चार दिवस आसरा देणे हा धर्म आपल्या मंडळांनी आणि समाजांनी पुष्कळ काळ पाळला आहे. आता त्यात एका गोष्टीची भर घालावी. आपल्यांत वकील आहेत, हिशेबनीस आहेत, पत्रकार आहेत, व्यापारी आहेत. दिल्लीस येणाऱ्या मराठी उमेदवारास आठवड्यातून एक दिवस आपल्या कामावर येऊन बसू द्यावे, आणि त्याचा योग्य तो मोबदला द्यावा. मात्र तो कोणाचा पुतण्या आहे हे विचारू नये. परीक्षेने शिकविलेला तेवढा धडा आपण विसरता कामा नये. तो जिल्हाधिकारी झाला तर त्या कामाचा त्यास उपयोगच होईल. आणि झाला नाही, तर करोल बागेतील खोलीची किल्ली घरमालकाच्या हाती देऊन तो गावच्या गाडीत बसेल, तेव्हा आपणांस काही तरी करता येते, एवढे तरी त्यास ठाऊक असेल.