अभ्यंकर, श्रीराम शंकर

अभ्यंकर, श्रीराम शंकर : (२२ जुलै १९३०–२ नोव्हेंबर २०१२). बैजिक भूमितीतील संशोधनाबद्दल विख्यात असलेले भारतीय-अमेरिकी गणितज्ञ. जन्म उज्जैन येथे. वडील शंकर केशव अभ्यंकर हे ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे या विषयाचा संस्कार त्यांच्यावर घरातच झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये पदवी घेऊन ते हार्व्हर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि ऑस्कर झरिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. संपादन केली. कॉर्नेल, जॉन्स हॉपकिन्स इ. विद्यापीठांत अध्यापन केल्यानंतर १९६३ मध्ये इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली. तेथील मार्शल प्राध्यापकाचा बहुमानाचा हुद्दा १९६७ पासून त्यांच्याकडे तहहयात होता.

वक्र वा पृष्ठ जेथे स्वतःस छेदते किंवा टोकदार होते, असे विलक्षण बिंदू चलांच्या योग्य रूपांतरांनी नाहीसे करता येतात काय, हा त्यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय होय. नेहमीच्या संख्यांच्या बाबतीत पृष्ठांपुरते व त्रिमितीय आकृत्यांपुरते याचे उत्तर झरिस्की यांनी दिले होते. परंतु एक ही संख्या एखाद्या अविभाज्य संख्येइतक्या वेळा मिळविली असता जेथे बेरीज शून्य येते, अशा संख्याक्षेत्रांत झरिस्की यांची साधने अपुरी पडत. अभ्यंकरांनी आपल्या प्रबंधात तेथील पृष्ठांचा प्रश्न सोडविला आणि १९६६ च्या ग्रंथात, ती अविभाज्य संख्या पाचाहून मोठी असताना, त्रिमितीय आकृत्यांचाही निर्णय लावला. अशाच क्षेत्रांवरील वक्रांच्या आच्छादनांविषयी त्यांनी १९५७ मध्ये मांडलेले अनुमान मिशेल रेनो व डेव्हिड हार्बेटर यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. त्झुआंग-त्झ्येन मोह यांच्यासह त्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला, प्रतलातील रेषेच्या अंतःस्थापनासंबंधीचा सिद्धांत दोघांच्या नावाने ओळखला जातो. बहुपदींनी दिलेले रूपांतर बहुपदींनीच केव्हा उलटविता येते, या जेकोबियन समस्येचा पाठपुरावाही त्यांनी दीर्घकाळ केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बैजिक भूमिती उत्तरोत्तर अमूर्त होत गेली, तरी बहुपदी व घात श्रेढी यांचे प्रत्यक्ष गणन, म्हणजेच माध्यमिक शाळेतील बीजगणिताचाच विस्तार, हेच या शास्त्राचे खरे बळ आहे असा त्यांचा आग्रह होता. आणि विलक्षण बिंदूंच्या निरसनातील त्यांचे कार्य याच पद्धतीने झालेले असल्यामुळे त्या आग्रहास वजन होते. या भूमिकेतून लिहिलेल्या त्यांच्या ऐतिहासिक निबंधास १९७८ चे शोव्हने पारितोषिक मिळाले. भारताशी संबंध कायम राखून त्यांनी १९७६ मध्ये पुणे येथे गणिताच्या संशोधनासाठी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. वेस्ट लाफायेट येथे त्यांचे निधन झाले.