624 आवाजांचा नकार

त्या माइकच्या स्टँडला धक्का लागू देऊ नका. मशीनमधून निघालेली टेप खोलीत लांबवर जाऊन स्टँडला वळसा घालते आणि परत मशीनमध्ये शिरते. टोकाला टोक चिकटवलेलं, सुमारे 12 फुटांचं कडं. त्यावर एकच लांबलेला ‘आ’ आहे आणि तो थांबत नाही.

तुम्ही मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये, स्ट्रॉबेरी स्टुडिओत आहात. ‘टेन सीसी’ या बँडचा तिसरा अल्बम मार्च 1975 मध्ये दुकानात येईल, त्याआधीचे हे दिवस. काचेपलीकडे केविन गॉडली, लोल क्रीम आणि ग्रॅहम गूल्डमन तोच ‘आ’ पुन्हा पुन्हा लावतायत. एकेका सुरासाठी तिघांचे मिळून 48 आवाज. सूर 13, षड्जापासून तार षड्जापर्यंत, कोमल-तीव्र धरून सगळे. एकूण आवाज 624. तीन आठवडे हेच चाललंय.

गाणं सुचलं बँडमधल्या चौथ्याला, एरिक स्टुअर्टला: ‘आय ॲम नॉट इन लव्ह’. माझ्यावर प्रेम आहे असं तू फारसं म्हणतच नाहीस, अशी बायकोची, ग्लोरियाची, तक्रार होती. सारखं म्हणत राहिलं तर त्या शब्दांत जीव उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्याने उलटं गाणं लिहिलं: प्रेम नाहीच असं सांगणारा आणि प्रत्येक कारणागणिक उघडा पडणारा माणूस. मन मोडलेली माणसं मी अशीच बोलताना ऐकली आहेत. रडणारा मोकळा होतो. ‘मला काय त्याचं’ म्हणणारा आतल्या आत तुटत जातो.

आधी हे गाणं बोसा नोव्हाच्या ठेक्यावर झालं होतं. गॉडलीला ते मुळीच आवडलं नाही, टेप पुसून टाकली. पण स्टुडिओतली माणसं येता-जाता तीच चाल गुणगुणत राहिली. तेव्हा गॉडलीच म्हणाला, सगळं आवाजांनीच भरून काढू. टेपच्या कड्यांची युक्ती क्रीमची.

आता कन्सोलपाशी या. प्रत्येक सुराला आवाज कमी-जास्त करणारा एक फेडर. चौघंही वाकून फेडर वर-खाली करतायत, आणि पेटीच्या पट्ट्यांवर बोटं फिरावीत तसे सूर एकमेकांत मिसळतायत. फेडरच्या तळाशी नीट बघा. तिथे चिकटपट्टी लावलीय, कुठलाच सूर पुरता बंद होऊ नये म्हणून. त्यामुळे न लावलेले सूरही मागे दबक्या आवाजात चालूच राहतात. पुढे माणूस ‘नाही’ म्हणतोय आणि मागे अख्खं सप्तक त्याला खोटं पाडतंय. मला या गाण्यातलं दुःख सगळ्यात जास्त त्या चिकटपट्टीपाशी सापडतं.

दार किलकिलं होतं. रिसेप्शनवरची कॅथी रेडफर्न एरिकला फोन आल्याचं सांगते, कामात व्यत्यय नको म्हणून अगदी हळू. क्रीम लगेच म्हणतो, हाच आवाज हवा! ती कचरते, पण गाण्याच्या मध्यावर जी कुजबुज ऐकू येते ती तिचीच.

जून 1975 च्या अखेरीस सहा मिनिटांचं हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जातं आणि दोन आठवडे तिथेच राहतं. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचतं. 1976 मध्ये गॉडली आणि क्रीम बँड सोडतात. आज गाणं लावलंत, तर त्या 624 आवाजांपैकी 416 या दोघांचे असतात.