लाँच का दमते?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना मी लाँचमध्ये कडेची जागा धरतो. नाळेपाशी लाट उठते आणि कडेकडेने मागे सरकते. इंजिन कितीही घुमलं, धूर कितीही काळा झाला, तरी एका मर्यादेनंतर वेग काही वाढत नाही. बाजूने एखादं लांबलचक जहाज मात्र निवांत पुढे निघून जातं. लहान ते चपळ, असं आपण धरून चालतो. मग पाण्यावर उलटं का?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवला विल्यम फ्रूड या इंग्लिश इंजिनीयरने. १८६७ मध्ये त्याने डार्ट नदीत 'स्वान' आणि 'रेव्हन' नावाच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. प्रत्येकीचे आकार तीन: ३, ६ आणि १२ फूट. तेव्हा असले प्रयोग म्हणजे पोरखेळ समजत. जॉन स्कॉट रसेलसारख्या नामवंत जहाजबांधणी तज्ज्ञाचाही त्यांवर विश्वास नव्हता.

फ्रूडने लाटांकडे पाहिलं. वेग वाढला की जहाजाने उठवलेली लाट लांबत जाते. ती जहाजाएवढी लांब झाली, की जहाज आपल्याच लाटेच्या चढावर अडकतं. म्हणून २५ फुटी होडी साधारण पावणेसात नॉटला दमते, तर १०० फुटी साडेतेराच्या आसपास. लांबी चौपट, वेग दुप्पट. (स्पीडबोट यातून सुटते, कारण ती पाण्यावर चढून घसरत जाते.)

म्हणजे ३ फुटी प्रतिकृती १२ फुटीच्या निम्म्या वेगाने ओढली, तर दोघींच्या लाटा सारख्याच दिसतात. आधीच्यांची गफलत इथेच होती: आकार लहान केला, पण त्या मापाने वेग कमी केला नाही. पाण्याचं घर्षण मात्र हा नियम पाळत नाही. त्याचा हिशेब फ्रूडने फळ्या ओढून वेगळा मांडला.

ब्रिटिश नौदलाने २,००० पौंड दिले आणि टॉर्की गावी, त्याच्या घराजवळ, लांबलचक हौद उभा राहिला. पुढे 'ग्रेहाउंड' ही खरीखुरी युद्धनौका समुद्रात ओढून ताण मोजला. प्रतिकृतीवरून काढलेला अंदाज बऱ्याच अंशी जुळला.

१८७९ मध्ये फ्रूड गेला. आजही मोठं जहाज बांधण्याआधी त्याची लहानगी प्रतिकृती हौदात ओढतात, आणि मुद्दाम हळू ओढतात. रेवस जवळ येतं, इंजिन मंदावतं, नाळेची लाट आखूड होत जाते. लाँच आळशी आहे, असं मी आता म्हणत नाही.