परराष्ट्र खात्यातून न्यायासनाकडे

फुमिको साइगा 1966 साली जपानच्या परराष्ट्र खात्यात रुजू झाल्या. नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा जपानमध्ये लागू झाला तो 1986 साली. म्हणजे साइगांची पहिली 20 वर्षं असा कोणताही आधार नसताना गेली. त्या काळात राजदूतपदी बाई असणं ही बातमी होती. जपानच्या पहिल्या महिला राजदूत नोबुको ताकाहाशी 1980 साली डेन्मार्कला गेल्या, पण त्या परराष्ट्र खात्यातल्या नव्हत्या, मजूर खात्यातून आल्या होत्या.

स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या करारावर त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये जपानतर्फे सही केली ती याच ताकाहाशींनी. सही झाली आणि जपानची खरी पंचाईत सुरू झाली, कारण करार मंजूर करायचा तर आधी घरचे कायदे बदलायला हवे होते. तोवर जपानी नागरिकत्व फक्त वडिलांकडून मुलाला मिळे, आईकडून नाही. 1984 साली तो कायदा बदलला, 1985 मध्ये समान संधीचा कायदा संमत झाला आणि मग करार मंजूर झाला. परदेशातल्या एका सहीनं जपानी घरांमधले हक्क बदलले. मुत्सद्देगिरी म्हणजे नुसत्या मेजवान्या आणि हस्तांदोलनं असं समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

साइगा याच कराराच्या वाटेनं पुढे गेल्या. सिएटलमध्ये महावाणिज्यदूत, मग सैतामा प्रांताच्या उपगव्हर्नर, त्यानंतर न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांमध्ये राजदूत. कराराची अंमलबजावणी कोणता देश कशी करतो, हे तपासणाऱ्या समितीवर त्या 2001 पासून होत्या. एकेका सरकारचा अहवाल हाती घ्यायचा आणि त्याच्या प्रतिनिधीला समोरासमोर प्रश्न विचारायचे, हे त्या समितीचं काम. नंतर त्या नॉर्वे आणि आइसलंडच्या राजदूत झाल्या. मानवी हक्कांसाठी खास राजदूत म्हणूनही सरकारनं त्यांना नेमलं. उत्तर कोरियानं पळवून नेलेल्या जपानी नागरिकांचा प्रश्न जगापुढे मांडणं हा त्या जबाबदारीचा मोठा भाग होता.

आंतरराष्ट्रीय खटला म्हटलं की जपानला आठवतो तो 1946 ते 1948 चा टोकियो खटला. त्यात 11 न्यायाधीश होते आणि अकराही पुरुष. सगळे आरोपी निर्दोष ठरवणारे कोलकात्याचे राधाबिनोद पाल त्यांतलेच. जपानमध्ये त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. ज्या देशाचे नेते एकदा अशा न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले, तो देश 1 ऑक्टोबर 2007 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य झाला आणि सर्वांत मोठा वर्गणीदारही ठरला. दोनच महिन्यांत साइगा तिथे न्यायाधीश म्हणून निवडून आल्या.

त्यांनी कधी कोर्टात खटला चालवला नव्हता, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो अगदीच गैरलागू नव्हता. या न्यायालयाच्या उमेदवारांच्या दोन याद्या असतात: एक फौजदारी कायद्यात मुरलेल्यांची, दुसरी मानवी हक्क आणि युद्धविषयक कायद्यांच्या जाणकारांची. साइगा दुसऱ्या यादीतून आल्या. युद्धात स्त्रियांवर काय गुदरतं याची कागदपत्रं वर्षानुवर्षं हाताळलेली व्यक्ती न्यायपीठावर असणं मोलाचं असतं. पण साक्षीपुरावा तोलण्याची सवय कोर्टातच लागते, हेही खरं. साइगांना ती लागायला वेळच मिळाला नाही. जानेवारी 2009 मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या आणि 24 एप्रिलला हेगमध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या जागी आल्या कुनिको ओझाकी. त्याही परराष्ट्र खात्यातल्याच. टोकियो आणि ऑक्सफर्डला शिकलेल्या, न्याय खात्यात निर्वासितांची प्रकरणं पाहिलेल्या आणि व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयात संचालक राहिलेल्या. ओझाकी मात्र खटल्यांमध्ये पुरत्या उतरल्या. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ज्याँ-पिएर बेंबा यांना 2016 मध्ये दोषी ठरवणाऱ्या तीन न्यायाधीशांमध्ये त्या होत्या. तो निकाल 2018 मध्ये अपिलात फिरला. 2015 मध्ये न्यायालयाच्या अध्यक्ष आणि दोन्ही उपाध्यक्ष अशा तिन्ही जागांवर प्रथमच महिला आल्या, त्यांतल्या एक ओझाकी.

त्यांची मुदत मार्च 2018 मध्ये संपली, पण काँगोचाच बंडखोर सेनानी बोस्को एन्टागांडा याचा खटला पुरा व्हायचा होता. इतुरी भागातल्या हत्या, बलात्कार, लैंगिक गुलामगिरी, 15 वर्षांखालच्या मुलांची सैन्यात भरती असे 18 आरोप आणि दोन हजारांहून अधिक पीडित. म्हणून त्या थांबल्या. निकालाचा विचार सुरू असतानाच, 2019 च्या सुरुवातीला, जपान सरकारनं त्यांना एस्टोनियाच्या राजदूत म्हणून नेमलं.

एकाच वेळी एका सरकारच्या राजदूत आणि स्वतंत्र न्यायालयाच्या न्यायाधीश! हे चालतं का, यावर 4 मार्चला सहकारी न्यायाधीशांनी मत दिलं: 14 विरुद्ध 3, चालतं. एस्टोनियाचा काँगोच्या खटल्याशी संबंध नाही आणि ओझाकी आता पूर्णवेळ न्यायाधीश नाहीत, असा बहुमताचा सूर होता. आरोपीच्या वकिलांनी त्यांना खटल्यातून दूर करण्याची मागणी केली. ओझाकींनी राजदूतपद सोडलं आणि ती मागणी फेटाळली गेली. 8 जुलै 2019 रोजी एन्टागांडा अठराही आरोपांत दोषी ठरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला 30 वर्षांची शिक्षा झाली. अपिलातही हा मुद्दा निघाला, पण 30 मार्च 2021 रोजी निकाल कायम राहिला.

तरीही विरोधात मत दिलेल्या त्या तिघा न्यायाधीशांचंच बरोबर होतं. राजदूत सरकारचा आदेश पाळायला बांधील असतो, न्यायाधीशानं कोणत्याच सरकारचा आदेश पाळायचा नसतो. परराष्ट्र सेवेतल्या माणसानं न्यायासनावर जरूर यावं. साइगा आणि ओझाकींनी ती वाट जपानी स्त्रियांसाठी खुली केली, हे त्यांचं मोठं काम आहे. पण शेवटचा निकाल हातावेगळा होईपर्यंत ओझाकींनी ती नेमणूक घ्यायला नको होती आणि जपान सरकारनं ती द्यायला नको होती.