इन्शुलिनचे एकक आणि मधुमेही प्रवासी

मधुमेहाच्या इतिहासात टोरोंटो येथे १९२१-२२ साली झालेल्या संशोधनाचे स्थान सर्वपरिचित आहे. बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लिऑड यांच्या प्रयत्नांतून इन्शुलिन हाती आले, आणि विशेषतः बालवयात जो रोग थोड्याच काळात मृत्यूकडे नेई तो आता जन्मभर सोबत करू लागला. रोगी जगू लागला म्हणजे तो प्रवासालाही निघतो. इन्शुलिन हे प्रथिन असल्यामुळे पोटात घेतल्यास पचून जाते. ते टोचूनच घ्यावे लागते. साहजिकच प्रवाशाच्या सामानात कुपी, काचेची पिचकारी, सुया आणि स्पिरिट यांची भर पडली. परंतु या दृश्य सामानाबरोबर तो आणखी एक वस्तू नेत असे, ती म्हणजे माप. औषध आणि पिचकारी परमुलखात नव्याने विकत घेता येते. माप मात्र तेथे तेच असेल तरच त्या खरेदीला अर्थ. मधुमेही प्रवाशाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या मापाचा इतिहास आहे.

प्रारंभीचे प्रवास इन्शुलिन घेऊन झालेले नसून इन्शुलिनकडे झालेले आहेत. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हन्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ही ऑगस्ट १९२२ मध्ये अस्थिपंजर अवस्थेत टोरोंटोला नेली गेली, आणि वर्ष संपण्यापूर्वी घरी परतली. इंग्लंडमधील डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांचा प्रवास याहून बोलका आहे. स्वतः मधुमेहाने ग्रासलेले लॉरेन्स शेवटचे दिवस शांतपणे कंठावेत म्हणून इटलीत फ्लॉरेन्स येथे जाऊन राहिले होते. इन्शुलिन मिळाले असून ते गुणकारी आहे, सत्वर परत यावे, असा निरोप लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील सहकाऱ्याकडून त्यांना १९२३ च्या मे महिन्यात आला. प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी मोटारीने युरोप ओलांडून लंडन गाठले. पुढे १९३४ साली कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनी मधुमेह्यांची संघटना स्थापन केली. लॉरेन्स यांना औषधासाठी लंडनलाच यावे लागले. जे औषध एकाच ठिकाणी मिळते त्याचा रोगी त्या गावाशी बांधलेला राहतो.

औषध सर्वत्र पोचवावयाचे तर त्याची शक्ती सर्वत्र एकाच रीतीने मोजली गेली पाहिजे. प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क दर वेळी सारखा उतरत नसे, म्हणून केवळ वजनावर भिस्त ठेवता येत नव्हती. टोरोंटोच्या संशोधकांनी सशाचा आधार घेतला. सुमारे दोन किलो वजनाच्या, २४ तास उपाशी ठेवलेल्या सशाची रक्तशर्करा आचके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे मूळ एकक. माणसाच्या उपचारात हे एकक फार मोठे ठरल्याने त्याचा एकतृतीयांश व्यवहारात आला. परंतु ससा ससा वेगळा. टोरोंटोचा ससा आणि लंडनचा ससा एकच उत्तर देईल याची शाश्वती काय? राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने हा प्रश्न हाती घेतला आणि हेन्री डेल यांच्या पुढाकाराने १९२५ साली कोरड्या इन्शुलिनचा पहिला आंतरराष्ट्रीय नमुना प्रमाण म्हणून मान्य झाला. त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये ८ एकके धरण्यात आली. मीटरचा दांडा जसा पॅरिसला, तसा इन्शुलिनचा नमुना लंडनला ठेवला गेला. तेव्हापासून 'एकक' हा शब्द सीमा ओलांडू शकला.

ही व्यवस्था कोसळली म्हणजे काय होते हे शांघायमध्ये दिसून आले. प्रागहून नाझींपासून जीव वाचवून आलेल्या एव्हा साक्सल या तरुणीला त्या शहरात मधुमेह जडला. डिसेंबर १९४१ नंतर, जपानी अंमलाखाली, औषधांचा पुरवठा आटला. तिने व पती व्हिक्टर याने वैद्यकाच्या एका पाठ्यपुस्तकातील वर्णनाच्या आधारे पाणम्हशींच्या स्वादुपिंडातून तपकिरी रंगाचे इन्शुलिन तयार केले, आणि त्याची शक्ती मोजली ती सशांवरच. आंतरराष्ट्रीय नमुना हाताशी नसताना मापाला पुन्हा पहिल्या पायरीवर उतरावे लागले. त्या मापावर विसंबून एव्हाने स्वतःस टोचून घेतले आणि निर्वासितांच्या वस्तीतील इतर मधुमेह्यांचेही प्राण वाचले.

मापाचा शब्द सर्वमान्य झाला, तरी पाण्याचे प्रमाण मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले, आणि खरा घोटाळा येथेच झाला. ब्रिटनमध्ये एका मिलिलिटरमध्ये २०, ४० किंवा ८० एकके असणाऱ्या निरनिराळ्या कुप्या विकल्या जात. पिचकारीवर मात्र मिलिलिटरला २० खुणा. म्हणजे एक खूण कधी एक एकक, कधी दोन, कधी चार. रोगी बहुधा खुणांच्या भाषेत बोले व डॉक्टर एककांच्या. एकाच संख्येला दोन अर्थ असण्याची ही अवस्था भाषाभ्यासकाला कुतूहलाची वाटेल. रोग्याच्या दृष्टीने ती जीवघेणी होती. प्रवासात कुपी फुटली आणि दुसऱ्या शक्तीची घ्यावी लागली, तर घोटाळा अटळच. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात मिलिलिटरला १०० एकके हे प्रमाण रूढ झाले. ब्रिटनने ते १९८३ साली स्वीकारले. डेन्मार्कमध्ये १९८५ साली इन्शुलिनची पहिली लेखणी विक्रीस आली आणि खुणा वाचण्याचे काम बरेच हलके झाले.

विमानप्रवासाने यात घड्याळाची भर घातली. हागेडॉर्न यांचे लांबणारे इन्शुलिन १९३६ साली आल्यावर दिवसाला एका सुईवर पुष्कळांचे भागू लागले; पण ते २४ तासांचा दिवस गृहीत धरते. मुंबई-लंडन ही एअर इंडियाची विमानसेवा जून १९४८ मध्ये सुरू झाली. पश्चिमेकडे जाताना हिवाळ्यात प्रवाशाचा दिवस साडेपाच तासांनी लांबतो व सुईचा अंमल दिवसाआधी ओसरतो. परतताना दिवस आखुडतो आणि दोन मात्रा एकमेकींवर चढतात. शिवाय गोठलेले इन्शुलिन निकामी होते, म्हणून ते सामानाच्या कोठ्यात न देता हातातील पिशवीत ठेवण्याचा प्रघात पडला. द्रवपदार्थांवर २००६ साली निर्बंध आले तेव्हा औषधांना सवलत ठेवावी लागली ती यामुळेच.

भारतात आजही दोन प्रमाणे शेजारी नांदतात: कुपीत सामान्यतः मिलिलिटरला ४०, लेखणीत १००. पिचकाऱ्यांचा भेद टोपणाच्या रंगावरून ओळखतात, ४० ची तांबडी आणि १०० ची नारिंगी. पुण्याहून मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या वृद्ध मातेने आपली कुपी बरोबर नेली आणि तांबड्या टोपणाच्या पिचकाऱ्या संपल्यावर तेथील १०० ची वापरून ४० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर तिच्या अंगात १६ एककेच जातात. उलट, अमेरिकन कुपीतून भारतीय पिचकारीने तीच खूण गाठली तर १०० एकके जातात, आणि ती मात्रा प्राणघातक ठरू शकते. तिला तेथे ४० ची पिचकारी शोधावयाची झाली, तर ती बहुधा कुत्र्यामांजरांच्या औषधांत सापडेल. त्यांच्यासाठी बनणारे इन्शुलिन तेथे अद्याप त्या प्रमाणात मिळते.