डोंगरावरची रेघ

खेळ म्हटला की रेघ आलीच. क्रिकेटच्या मैदानाला सीमारेषा असते, टेनिसच्या कोर्टाला पांढरे पट्टे. चेंडू आत पडला की बाहेर, यावर वाद होतात. पण रेघ नेमकी कुठे आहे, यावर कुणी भांडत नाही. डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीत मात्र वाद रेघेपासूनच सुरू होतो. ही रेघ तिथे कशी आली आणि ती आल्यावरही भांडणे का मिटली नाहीत, हे आज सांगायचे आहे.

सुरुवातीला रेघ नव्हतीच. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावर चढले. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला तो कच्चा रस्ता होता. दोन मैलांत सुमारे तेराशे फूट उतार. पेडल उलटे दाबून लावायचा ब्रेक इतका तापे, की मागच्या चाकाच्या हबातले ग्रीस जळून धूर निघे आणि उतरून आल्यावर ते नव्याने भरावे लागे. या नव्याने भरण्यावरून शर्यतीला नाव पडले ‘रीपॅक’. एकेकाने सुटायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. गॅरी फिशरचा विक्रम ४ मिनिटे २२ सेकंदांचा. जो ब्रीझ त्याच्या फक्त दोन सेकंद मागे. रस्ता सोडला तर पुढे झुडूप, नाहीतर घळ. शिक्षा डोंगरच करीत असे, पंचाला त्यात काम नव्हते.

१९९० साली कोलोराडोतल्या डुरँगो इथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पुढे शर्यती रुंद रस्ते सोडून जंगलात शिरल्या. झाडांची मुळे, खडक आणि चिखल यांतून जाणारा मार्ग आपोआप दिसत नाही, तो दाखवावा लागतो. म्हणून दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून प्लास्टिकची फीत बांधली जाऊ लागली. डोंगरावर रेघ आली ती अशी.

पण दोन फितींच्या मध्ये जागा उरतेच, आणि या जागेत कुठून जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. फ्रान्सचा निकोला वुइयो यात वाकबगार. १९९२ ते २००२ या काळात त्याने कुमार गटात तीन आणि खुल्या गटात सात, अशी दहा जागतिक विजेतेपदे मिळवली. मार्ग पायी फिरून त्याचा बारकाईने अभ्यास करण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. फितीला अगदी लगटून जाणाऱ्या, इतरांना न सुचलेल्या वाटेला या खेळात ‘फ्रेंच लाइन’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही लबाडी की कसब? माझ्या मते कसबच. जोवर चाक फितीच्या आत आहे, तोवर डोके चालवण्याला बंदी नाही.

प्रश्न येतो तो चाक बाहेर गेल्यावर. नियम वरवर साधा आहे: मार्गाबाहेर गेलात, तर जिथून बाहेर पडलात तिथूनच परत आत या. त्याच दोन खुणांच्या मधून. पडणे हा गुन्हा नाही. पडल्याचा फायदा घेऊन पुढे निघणे हा गुन्हा आहे. तसे केले, तर शर्यतीतून बाद होण्याची वेळ येऊ शकते.

आता हा नियम उतारावर लावून पाहा. हँडलने फीत तुटली. स्वार चार हात पुढे जाऊन आत आला. ‘जिथून’ म्हणजे नेमके कुठून? फीत जमिनीवर लोळत असेल, तर मागून येणाऱ्याने कोणती हद्द पाळायची? वळणावरच्या पंचाला झाडाआडचे दिसले नाही, पण कॅमेऱ्याने टिपले, तर खरे कुणाचे मानायचे? आणि चार हातांनी असे काय बिघडते, असे कुणी म्हणेल, तर २००९ ची कॅनबेरातली जागतिक स्पर्धा आठवावी. ब्रिटनच्या स्टीव्ह पीटने दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारला ०.०५ सेकंदाने हरवले. ताशी ४० किलोमीटर वेगाने त्या वेळात सायकल जेमतेम ५५ सेंटिमीटर जाते. चार हात दूरच राहिले, इथे सव्वा हातावर विश्वविजेता ठरला होता.

उतारावरचा असा वाद सायकलच्याही आधीचा आहे. १९६८ च्या ग्रनोबल हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम या स्कीइंगच्या शर्यतीत ऑस्ट्रियाचा कार्ल श्रान्त्स दाट धुक्यात मधेच थांबला. कुणीतरी आडवे आले, अशी त्याची तक्रार होती. त्याला पुन्हा उतरू दिले आणि त्याची वेळ सर्वांत चांगली ठरली. नंतर पंचमंडळाने निर्णय दिला, की अडथळ्याची तक्रार केली त्याच्या आधीच त्याचे निशाणाचे दार चुकले होते. श्रान्त्स बाद झाला आणि फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीला तिसरे सुवर्णपदक मिळाले. दार चुकले ते त्या माणसामुळेच, असे ऑस्ट्रियाचे म्हणणे होते. धुक्यात नेमके काय घडले, यावर वाद राहिला.

यावरून मला एक गोष्ट दिसते. नियम कितीही नेटका लिहिला, तरी तो पाळला गेला की नाही हे कुणीतरी पाहावे लागते, आणि डोंगर सगळा कधीच दिसत नाही. म्हणून खुंट्या जवळ हव्यात, फीत तुटली तर ती लगेच बांधणारा माणूस जवळ हवा, आणि शंका आल्यास निकाल जाहीर होण्याआधी खेळाडूचे म्हणणे ऐकले जायला हवे. वर्षभर घाम गाळलेल्या माणसाचे पदक गेले, तर ते त्याच्या चुकीमुळे जावे. लोंबणाऱ्या फितीमुळे जाऊ नये.